जॅम, कांदा आणि डावी बाही

३ नोव्हेंबर. संध्याकाळ.
वही ह्यांची आहे, पण बरीचशी कोरी. कोरी वही टाकून देणाऱ्यातली मी नाही. त्यांनी पुढून लिहिले आहे. मी वही उलटी धरून मागून लिहिणार. म्हणजे आमची गाठ पडायचा प्रश्न नाही.

त्यांची पाने वाचणार नाही. वाचण्यासारखे आहे काय त्यात. साखरेच्या डॉक्टरांनी सांगितले होते, दिवसभर पोटात काय जाते ते लिहून आणा. सकाळी, दुपारी, चार वाजता, रात्री. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी एक पान मोठ्याने वाचले. सगळे दिवस, चार वाजता: पाणी. डॉक्टर खूश. मी ह्यांच्या स्वेटरच्या डाव्या बाहीकडे बघितले. पाण्याचा डाग लाल नसतो.

मी चौथीपर्यंत शिकले. डाग वाचायला तेवढे पुष्कळ झाले. लॉन्ड्रीत डागांच्या टेबलावर बावीस वर्षे उभी आहे.

लिहायचे कारण असे की घरात चोरी होते आहे. जॅमची. तारीखवार लिहून ठेवते, म्हणजे चोर सापडला की वहीच तोंडावर मारता येईल.
ठराव: आठ दिवसांत चोर पकडणे.

५ नोव्हेंबर.
बाटलीची माहिती. स्ट्रॉबेरी जॅम. ह्यांचा. ब्रेडच्या स्लाइसवर जॅमचा जाड थर, त्यावर कच्च्या कांद्याच्या चकत्या, वरून मीठ. असे खाणारा माणूस माझ्या वाट्याला आला. सव्वीस वर्षे मी नाक मुरडले. आधी समोर बसून खायचे. माझ्या तोंडाला कंटाळून मग दाराआड खायला लागले. उजव्या हातात स्लाइस, म्हणून तोंड पुसायला डावी बाही. प्रत्येक स्वेटरची डावी बाही मी घासली आहे.

डॉक्टरांनी गोड बंद केले होते, म्हणून तो डाग बघून आल्यावर बाटली मी कपाटावर जुन्या सुटकेसच्या मागे ठेवली. डॉक्टरांचे ऐकले. त्यात माझे काही चुकले नाही.
सप्टेंबरात हे गेले. तेव्हा बाटली अर्धी होती. आज पाव आहे.
खराब तर झाली नाही ना, म्हणून बोटभर चाखली. झालेली नाही. चाखणे म्हणजे खाणे नव्हे.

घरात माणसे दोन. मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेत शिपाई होत्या, घंटा द्यायच्या. अजूनही तास भरला की मान वर करून घड्याळ बघतात. दोघींपैकी मी नाही. विषय संपला.

८ नोव्हेंबर. साडेचार.
तीनला शिफ्ट सुटते. साडेतीनला मी घरी. वन्सं त्या वेळी आतल्या खोलीत पडतात. आज चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात वास आला. जॅमचा आणि कांद्याचा, एकत्र. तो वास दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही.
बाटली काढून बघितली. आणखी खाली गेलेली. नुसत्या जॅमची चव नीट कळत नाही म्हणून ब्रेडच्या कडेला लावून चाखली. कांद्याची एक चकती ठेवली, कारण चोर जसा खातो तसे खाल्ल्याशिवाय चोराचे डोके कळत नाही. घाणेरडी चव. पुढची चकती ठेवून बघितली, तरी तेच.
डोळ्यांतून पाणी. कांदा जुना आहे.

९ नोव्हेंबर.
वन्संना विचारले, तुम्ही चारला नक्की झोपलेल्या असता ना. म्हणाल्या, झोपलेली असते की नाही ते झोपलेल्या माणसाला कसं कळणार? हे उत्तर झाले?
मी म्हटले, कांदा कोण खातं. तर तोंडातली कवळी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, हिला विचार. कांदा चावता येत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. नाटक.

१२ नोव्हेंबर. लॉन्ड्रीत, जेवणाच्या सुट्टीत.
आज दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट आला. खिशात चॉकलेट आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, एकमेकांत कालवलेला. दर आठवड्याला असतो. लोकांना सांगतात गोड खाऊ नका. वकिलांच्या काळ्या डगल्याला आतून दुधाचे थेंब आणि त्यावर बटाट्याच्या चिप्सचा चुरा. चिप्स दुधात बुडवून खातात, तेही डगला अंगात असताना, म्हणजे कोर्टात. हेडमास्तरीणबाईंच्या उशीच्या अभ्र्यावर केळे आणि टोमॅटो सॉस. बँडवाल्याच्या सोनेरी बटणांमध्ये चीज आणि साखर. वरून कडक इस्त्री, आत हा प्रकार. मी कोणाचे नाव घेत नाही. डाग काढायचा, तोंडाला कुलूप.

माझ्याबरोबर कपडे निवडायला एक बाई आहे, सारखी काहीतरी कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. ती टोमॅटो सूपमध्ये क्रीमचे बिस्कीट बुडवून खाते, तेही सगळ्यांच्या समोर. म्हणाली, ताई, सगळेच काहीतरी खातात. तुम्ही काय खाता चोरून? मी म्हटले, मी माणसाचं डोकं खाते, तुझं खाऊ का?
हसली. निर्लज्ज.

१५ नोव्हेंबर.
भयंकर गोष्ट. ह्यांचा तपकिरी स्वेटर दारामागच्या खिळ्यावर असतो. गेल्या महिन्यात मी स्वतः धुतला. जॅमला आधी गार पाणी, मग व्हिनेगर. डावी बाही पहिल्यासारखी झाली होती. त्यासाठी मला कोणी सर्टिफिकेट द्यायची गरज नाही.
आज डाव्या बाहीवर लाल डाग.
ताजा. बोटाला चिकटला. जवळ नेला तर कांद्याचाही वास. डाग मनगटाकडून कोपराकडे गेलेला, म्हणजे तोंड पुसून बाही खाली ओढलेली. असे पुसणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला.
स्वेटर परत खिळ्यावर टांगला. मग पुन्हा अंगात घातला. घरी आले की तो मी घालते. नुसता टांगून ठेवला तर लोकरीला कसर लागते. लोकर हवेशीर राहायला अंगावर लागते, हे लॉन्ड्रीतले कोणीही सांगेल. थंडीचा त्याच्याशी संबंध नाही.

१६ नोव्हेंबर.
डाग धुतला. गार पाणी, व्हिनेगर. गेला.

१७ नोव्हेंबर.
परत आला.

१८ नोव्हेंबर.
बाटली संपली. आता चोर येणार कशाला? सापळ्याला आमिष लागते. नवी बाटली आणली. मोठी.
आमिष चांगल्या दर्जाचे आहे की नाही ते बघितले. दोन स्लाइस.
वन्संनी संध्याकाळी बटाट्याचे सूप केले. वाडगा माझ्यापुढे सरकवून बसून राहिल्या. मला भूक नव्हती. म्हणाल्या, अंगावरचे कपडे बघ कसे लोंबतायत. मी म्हटले, आपल्याकडचं पाणी जड आहे, त्याने कपडा ताणतो. कपड्यांतले मला शिकवतात.

२० नोव्हेंबर.
आज पक्के काम केले. लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्यावर नंबर टाकायची काळी शाई असते. साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, अंगाला लागली तर आठ दिवस निघत नाही. घरी आल्याबरोबर बाटलीच्या झाकणाच्या कडेला आतून ती लावली. बाहेरून कळायचे नाही. उद्या ज्याची बोटे काळी तो चोर.
माझ्या डोक्याला खरे तर पोलिसात जागा होती.

२१ नोव्हेंबर. सकाळ.
वन्संचे हात तपासले. पालथे, उताणे, नखांसह. स्वच्छ. त्या गुपचूप हात पुढे करून बसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, आता तुझे दाखव.
माझी उजव्या हाताची तीन बोटे काळी आहेत. साहजिक आहे. शाई मीच लावली.

२१ नोव्हेंबर. दुपार.
खारूताई म्हणाली, ताई, बोटं काळी. मी म्हटले, शाईचं काम केलं. म्हणाली, ओठ पण?
आरशात बघितले. खालचा ओठ, उजवीकडे. शाई लावताना नाक खाजले होते. तेव्हाच लागली असणार. नाक आणि ओठ लांब नाहीत.
तिने आपले अर्धे बिस्कीट माझ्यापुढे ठेवले. मी घेतले नाही.

२२ नोव्हेंबर.
नीट विचार केला. वन्संचे हात स्वच्छ. माझ्या हाताचे कारण वर लिहिले आहे. बाहेरचे कोणी येत नाही. बाटली रोज उतरते. वेळ चारची. डाग डाव्या बाहीवर.
म्हणजे तेच येतात.
लिहिले आणि पेन खाली ठेवले. बाहेरच्या खोलीत त्यांची खुर्ची आहे, वेताची. कोणी नसताना कुरकुरते. वन्सं म्हणतात वेत वाळला की कुरकुरतो. मी सव्वीस वर्षे ती खुर्ची ऐकते आहे. बसल्यावर एकदा कुरकुर, रेलल्यावर दोनदा. आज तीनदा झाली.
भीती वाटली का? वाटली. पण कामावरून येताना पाय भरभर पडतात. हे कोणाला सांगायचे नाही.

२५ नोव्हेंबर.
तिसरी बाटली आणली. येतात तर नीट येऊ देत. कांदे नवे आणले, लहान, त्यांना आवडायचे तसे. पावणेचारला चकत्या करून ठेवते, स्लाइसला जॅम लावते, वर मीठ, आणि पाठ करून उभी राहते. समोर त्यांना संकोच वाटेल. पुष्कळ वेळ काही होत नाही. मग स्लाइस वाळून जाईल म्हणून मी कडा चाखते. ताट रिकामे झाले की समजायचे, आले होते.
डोळे चुरचुरतात. नवा कांदा फार तिखट.

२७ नोव्हेंबर.
एक लिहायचे राहिले होते. लिहिणार नव्हते, पण पाने पडली आहेत.
ते गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते. एक चप्पल पायात, एक हातात. म्हणाले, आज चारला एक स्लाइस दे ना. एवढी वर्षे दाराआड खाल्ले, कधी मागितले नाही. त्या दिवशी मागितले. मी म्हटले, लाज नाही वाटत? माझ्या डोक्यावर खापर फोडायचंय? आणि दार ओढून घेतले. जोरात.
दुसऱ्या दिवशी साडेतीनला आले, चहा ठेवला, हाक मारली. खुर्चीतच होते.
डॉक्टर म्हणाले, साखर नव्हे, हृदय. शहाण्याने वर आणखी सांगितले की एखाद्या स्लाइसने काही फरक पडला नसता. हे आधी सांगायला तोंडाला काय झाले होते?
मी डॉक्टरांचेच ऐकले. माझे काही चुकले नाही.
आता ते रोज येतात आणि मी रोज देते. फिटले.

३० नोव्हेंबर.
वन्संना सांगून टाकले. पावणेचार, स्लाइस, पाठ, सगळे. मला वाटले त्यांना बरे वाटेल. सख्खा भाऊ.
म्हणाल्या, अगं, तो नाही येत.
मी म्हटले, मग जॅम कोण खातं?
वन्सं टॉवेलाची घडी घालत राहिल्या.
मी म्हटले, बोला ना. एक तर हे येतात, नाहीतर घरात चोर आहे. आणि मी सोडून घरात तुम्हीच आहात. शाई लागू नये म्हणून चमच्याने खाल्लं असेल, कांदा नुसता चघळला असेल. भावाच्या नावावर खपवता आणि वर मला शहाणपण शिकवता. स्वेटरवर डाग तुम्हीच लावता, मला वेड लावायला.
बोलत गेले. थांबता आले असते. थांबले नाही.
वन्सं म्हणाल्या, मी चोर ठरले तर तुला बरं वाटेल का? मी म्हटले, वाटेल. म्हणाल्या, मग मी चोर. पण मग चोराला घरात ठेवू नये.

१ डिसेंबर.
गेल्या. धाकट्या बहिणीकडे. मी कामावर असताना बॅग भरून गेल्या. अंथरूण घडी करून ठेवले आहे, चादरीच्या चारही कडा जुळवून. मीच शिकवली होती ती घडी.
बरे झाले. चोर गेला. आता बघू जॅम कसा संपतो.

१ डिसेंबर. चार वाजून दहा मिनिटे.
घाईत लिहिते आहे. अक्षर लागत नाही.
ओट्यावर एक वाटी होती. वर ताटली झाकलेली. ताटली उचलली. आत कांद्याच्या चकत्या. पातळ, सारख्या, नुकत्या कापल्यासारख्या.
मी कापल्या नाहीत. वन्सं घरात नाहीत. दाराला कुलूप होते.
आता कोणी म्हणावे ते येत नाहीत म्हणून! वन्संना ओरडून सांगावेसे वाटले. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मग आठवले.

३ डिसेंबर.
घरात इतकी शांतता पूर्वी नव्हती. घड्याळाचा तास भरतो आणि मान वर करायला कोणी नाही. मी केली एकदा. मूर्खासारखे वाटले.
खुर्ची दोन दिवस कुरकुरली नाही.
ठराव: त्यांना समोरासमोर बघायचे. पाठ करायची नाही. बोलायचे आहे, फार नाही, एक वाक्य. चाखणे पूर्ण बंद, म्हणजे त्यांचा वाटा त्यांना राहील. बाटलीवर जॅमच्या रेषेपाशी लाल दोरा घट्ट बांधला, लॉन्ड्रीत गाठोड्याला बांधतो तसा.

४ डिसेंबर. पाच वाजता.
चारला स्लाइस तयार. मी त्यांच्याच खुर्चीत बसले, म्हणजे मला उठवल्याशिवाय त्यांना बसता येऊ नये.
आले नाहीत. स्लाइस तशीच. दोरा तिथेच.
खुर्चीत बसले म्हणून रागावले असणार. पहिल्यापासून खुर्चीच्या बाबतीत असेच.

५ डिसेंबर.
आज स्टुलावर बसले. खुर्ची मोकळी, तिच्यावर उशी ठेवली. स्वेटरही घातला नाही. घडी नीट करून खुर्चीच्या पाठीवर टाकला, त्यांना थंडी वाजेल म्हणून.
स्लाइस वाळली. कडा वर आल्या. दोरा तिथेच. बाही स्वच्छ.

६ डिसेंबर.
दोरा तिथेच. बाही स्वच्छ.

७ डिसेंबर.
तेच.
मी चाखले नाही तर जॅम हलत नाही. मी स्वेटर घातला नाही तर डाग पडत नाही. एवढे कळायला चौथीची गरज नाही, बालवाडी पुरे.
म्हणजे चोर मी. ते चालले असते, मला चोर म्हणा. पण मी चोर असले तर ते आलेच नव्हते. एकदाही नाही. वास, खुर्ची, काही नाही. मी ओट्यापाशी उभी राहून एकटीच खात होते.
डोळे झोंबतात. आज कांदा कापलेला नाही. कुठून तरी धूर येत असेल. बघते.

८ डिसेंबर. सुट्टीचा दिवस.
वन्संच्या बहिणीकडे गेले. वन्सं पायरीवर बसून मोजे दुमडत होत्या. मी उभीच. काय बोलायचे ते रस्ताभर घोकले होते. तोंडातून निघाले, तुमचे टॉवेल राहिलेत घरी.
म्हणाल्या, एवढ्यासाठी दोन बस बदललीस?
मी म्हटले, जॅम मी खाते.
म्हणाल्या, माहितीय.
मला रागच आला. मी म्हटले, कधीपासून? म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. चारला मी झोपते थोडीच, जन्म घंटेवर गेला. पडदा सरकवला तर तू त्याचा स्वेटर घालून ओट्याशी उभी. तोंड बाहीला पुसलंस, अगदी त्याच्यासारखं. मी पडदा सोडला.
मी म्हटले, मग बोलला का नाहीत? शाईच्या वेळी? चोर म्हटलं तेव्हा?
म्हणाल्या, तो गेल्यापासून तू दुसरं काही खात होतीस का? सूप नको, भाजी नको, अंडं नको. तेवढं एक पोटात जात होतं. चोर पकडला असता तर तू खायची थांबली असतीस. तुला मी ओळखत नाही?
मी कांद्याचे विचारले. ती वाटी. म्हणाल्या, जाताना मीच कापून ठेवला. तू कापतेस जाड.
मी बॅग उचलली. त्यांनी नको म्हटले नाही. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोके टेकून घोरल्या. कवळी हातात.

९ डिसेंबर. सव्वाचार.
पान उलटले तर समोर उलटे अक्षर. त्यांचे शेवटचे पान. माझी पाने संपली. वही फिरवली आणि वाचले. वाचणार नव्हते.
सकाळी: चहा, साखर नाही. दुपारी: भाजी, ब्रेड एक. त्याखाली लिहिले आहे:
चार वाजता: मागितला. नाही म्हणाली. बरोबर आहे तिचं. दार फारच आपटलं, म्हणजे घाबरली आहे. उद्या परत मागेन.
खाली चार ओळींची जागा आहे. तिथे लिहिते.

वन्संना दोन स्लाइस, नुसता जॅम, चहात बुडवून. म्हणाल्या, ह्यात एवढं लपवण्यासारखं काय होतं म्हणे.
त्यांची खुर्ची रिकामी. कुरकुरली नाही.
चार वाजता: जॅम, कांदा, वर मीठ. खाल्ला.